पॅरिसच्या गणिका : झगमगाट कुणाचा, नोंदवही कुणाची?

एकोणिसाव्या शतकातील पॅरिसच्या नामांकित गणिकांची गोष्ट आपल्यापर्यंत नेहमी उलट्या बाजूने येते. आधी हिरे येतात, मग घोडागाड्या, ऑपेरातील राखीव बैठका, पायाशी लोळण घेणारे राजपुत्र. ती बाई कुणाची लेक होती, कोणाच्या घरी कपडे धूत होती, किती वर्षांची असताना आणि कोणी तिला बाजारात आणले, हे सारे तळटीपेत टाकलेले असते. प्रस्थापितांच्या इतिहासलेखनाची ही जुनीच रीत आहे. म्हणून चळवळीच्या वाचकाने ही गोष्ट तळटीपेपासून वर वाचत गेली पाहिजे.

१८२४ साली फ्रान्समध्ये दोन मुली जन्मल्या. पहिली जानेवारीत, नॉर्मंडीतील नोनां नावाच्या खेड्यात. नाव आल्फोन्सीन प्लेसी. बाप फेरीवाला, दारुडा आणि मारकुटा. त्याच्या जाचाला कंटाळून आई घर सोडून गेली आणि पुढे लवकरच वारली. मुलगी लहानपणीच कामाला लागली. कधी कपडे धुण्याच्या ठिकाणी, कधी छत्र्यांच्या कारखान्यात. बापानेच तिला एका म्हाताऱ्याच्या हवाली केले, असे तिचे चरित्रकार सांगतात. किशोरवयातच ती पॅरिसला पोचली. काही वर्षांतच तिने आपले नाव बदलले आणि ‘मारी द्युप्लेसी’ म्हणून ती साऱ्या शहराला ठाऊक झाली. उमराव आणि श्रीमंत तिच्यावर पैसा उधळू लागले. ती मोठेपणी लिहायला-वाचायला शिकली, घरात पुस्तकांचा संग्रह केला. ३ फेब्रुवारी १८४७ रोजी ती क्षयाने मेली, तेव्हा तिचे वय अवघे २३ होते.

दुसरी मुलगी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पॅरिसच्या कष्टकरी वस्तीत जन्मली. नाव सेलेस्त व्हेनार. बाप लहानपणीच वारला. पुढे आई ज्या पुरुषासोबत राहू लागली, त्याने या पोरीवर हात टाकण्याचा प्रयत्न केला. पोर घर सोडून पळाली. रस्त्यावर सापडलेल्या मुलीला पोलिसांनी सां-लाझारच्या तुरुंगात टाकले. गुन्हा तिचा नव्हता, पण तुरुंग तिच्या वाट्याला आला. वयाच्या सोळाव्या वर्षी तिचे नाव पोलिसांच्या वेश्या-नोंदवहीत चढले. ही मुलगी मात्र ८४ वर्षे जगली. तिच्याकडे आपण पुढे येऊ.

प्रश्न असा की, या मुली या वाटेला का लागल्या? उच्चभ्रू लेखकांचे उत्तर ठरलेले होते : स्वभाव, चैनीची हौस, आळस. हे उत्तर आपल्या ओळखीचे आहे. कोणत्याही दलितांच्या दारिद्र्याला प्रस्थापितांनी हेच उत्तर दिलेले आहे. खरे उत्तर मजुरीत आणि कायद्यात होते.

आधी मजुरी पाहा. शिवणकाम, धुणे, कृत्रिम फुले बनवणे ही बायकांची कामे मानली जात. बाईची मजुरी पुरुषाच्या मजुरीच्या साधारण निम्मी असे. त्यात एकटीचे पोट भरणेही कठीण, आणि हंगाम संपला की तेही काम बंद. व्हिलेर्मे नावाच्या डॉक्टरने १८४० साली कापड कामगारांच्या स्थितीवर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. रेम्स शहरातील गिरणीच्या मुली संध्याकाळी काम सुटल्यावर रस्त्यावर उभ्या राहत, त्याला तिथल्या लोकांनीच एक नाव दिले होते, अशी नोंद त्याने केली आहे. ते नाव होते दिवसाचा पाचवा पाव. दिवसाचे पाव चार. चारही पाव राबून जे पोटाला पुरत नव्हते, ते कमावण्यासाठी मालकाच्या हिशोबात नसलेला हा पाचवा पाव. गिरणीमालक अर्धी मजुरी देत होता आणि उरलेली मजुरी बाईच्या शरीरातून वसूल होत होती. वेश्याव्यवसायाचे अर्थशास्त्र याहून सोप्या शब्दांत कोणी सांगितलेले नाही.

आता कायदा पाहा. क्रांतीने समतेची घोषणा केली, पण १८०४ च्या नेपोलियनच्या नागरी संहितेने पत्नीला पतीची आज्ञाधारक ठरवले. १८१६ मध्ये घटस्फोट रद्द झाला, तो थेट १८८४ मध्ये परत आला. पत्नीच्या व्यभिचाराला कैद होती. पतीने मात्र राहत्या घरात दुसरी बाई आणून ठेवली, तरच तो दोषी आणि शिक्षा काय, तर दंड. सर्वात क्रूर कलम पितृत्वाचे होते. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाचा बाप कोण, याचा शोध घ्यायलाच कायद्याने बंदी होती. ती १९१२ मध्ये उठली. म्हणजे मालकाच्या मुलाने मोलकरणीला गरोदर केले, तर त्याचे नाव उच्चारण्याचाही तिला न्यायालयात अधिकार नव्हता. मूल तिचे, बदनामी तिची, उपासमार तिची. ज्या व्यवस्थेने असे कायदे लिहिले, त्याच व्यवस्थेतील सभ्य पुरुष संध्याकाळी ऑपेरात गणिकेसोबत मिरवत होते. मनूची आठवण व्हावी अशी ही रचना युरोपातही होती.

आणि या रचनेला एक तत्त्वज्ञही लाभला होता. पारां-द्युशातले हा सार्वजनिक आरोग्याचा नामांकित अभ्यासक. पॅरिसमधील वेश्याव्यवसायावरील त्याचा मोठा ग्रंथ १८३६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. याच माणसाने त्यापूर्वी पॅरिसच्या गटारांचा अभ्यास केला होता. मोठ्या शहराला जशी गटारे लागतात, तशा वेश्याही लागणारच, हा त्याचा सिद्धांत. तेव्हा दोन्हींवर सरकारने देखरेख ठेवावी, एवढेच करायचे. शहराची घाण वाहून नेण्यासाठी काही माणसे राखून ठेवायची, मग त्या माणसांनाच घाण म्हणायचे आणि त्यांना नजरेआड वसवायचे, हा विचार आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

या विचारावर पोलिसांची नोंदवही उभी होती. नोंदलेल्या बाईला कार्ड मिळे आणि ठरलेल्या दिवशी सक्तीची वैद्यकीय तपासणी होई. रोग आढळला की सां-लाझारच्या इस्पितळ-तुरुंगात रवानगी. नोंद नसलेली बाई सापडली की अटक. खटला नाही, वकील नाही, पोलिसांचा हुकूम हाच न्याय. नाव चढायला एक रात्र पुरे, उतरायला वर्षे लागत. आणि ज्या पुरुषांमुळे हा धंदा चालत होता, त्यांच्यासाठी कार्ड नव्हते, तपासणी नव्हती, तुरुंग नव्हता.

नामांकित गणिका या नोंदवहीच्या वर होत्या, असे वाटते. तो भ्रम आहे. त्यांना एक वेगळे जग दिले गेले होते, एवढेच. धाकट्या अलेक्झांडर द्यूमाच्या १८५५ च्या एका नाटकामुळे त्या जगाला ‘अर्धे जग’ हे नाव रूढ झाले. अर्धे जग म्हणजे जिथे पुरुष पूर्ण मानाने येतो-जातो आणि बाई मात्र कधीच पूर्ण आत येत नाही.

तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत, १८५२ ते १८७० या काळात, या जगाला भर आला. रेल्वे, बँका आणि शहराची पुनर्बांधणी यांतून नवा पैसा आला होता. तो दाखवायला जिवंत वस्तू हवी होती. घोडा, गाडी आणि गणिका या तिन्ही गोष्टी एकाच हिशोबात बसत. कोरा पर्ल ही त्यातली सर्वात गाजलेली. मूळ नाव एलायझा एमा क्राउच, इंग्लंडमधली. संगीतकार बाप कुटुंब सोडून अमेरिकेला निघून गेलेला. पॅरिसमध्ये ती सम्राटाच्या सावत्र भावाची, ड्यूक द मोर्नीची आणि पुढे सम्राटाच्या चुलतभावाची, प्रिन्स नेपोलियनची प्रेयसी झाली. १८६७ मध्ये ऑफेनबाखच्या संगीतिकेत ती मदनाच्या वेशात रंगमंचावर आली, तेव्हा बघायला सारे उच्चभ्रू पॅरिस लोटले.

पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. १८७० मध्ये प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा दिला, तेव्हा याच कोराने आपल्या घराचे इस्पितळ केले आणि स्वतःच्या खर्चाने जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. त्याबद्दल तिला कुणी सन्मान दिला नाही. दोन वर्षांनी, १८७२ मध्ये, उपाहारगृहांच्या मोठ्या व्यवसायाचा वारस असलेल्या आलेक्झांद्र द्युव्हाल या तरुणाने, तिच्यावर संपत्ती उधळून झाल्यावर, तिच्या घरी स्वतःवर गोळी झाडून घेतली. तो वाचला. शिक्षा मात्र कोराला झाली. तिला फ्रान्स सोडण्याचा हुकूम मिळाला. राजपुत्रांनी हात झटकले. घर गेले, दागिने गेले. १८८६ मध्ये ती कर्करोगाने हलाखीत मेली. देशासाठी केलेले विसरले गेले आणि एका श्रीमंत पोराचा मूर्खपणा तिच्या नावावर लिहिला गेला.

‘ला पाइव्हा’ ही तर हरलेली नव्हती. मॉस्कोतील एका गरीब ज्यू विणकराची ही मुलगी, एस्थर लाखमान. एका शिंप्याशी लग्न झाले, ते मोडून ती पॅरिसला आली. पुढे एका पोर्तुगीज गृहस्थाशी आणि त्यानंतर १८७१ मध्ये हेंकेल फॉन डोनर्समार्क या गडगंज प्रशियन उमरावाशी तिने लग्न केले. शाँझेलिझेवर तिने १८५६ ते १८६६ या दहा वर्षांत बांधून घेतलेला वाडा आजही उभा आहे. त्यातला पिवळ्या ऑनिक्स दगडाचा जिना पाहायला लोक जातात. या वाड्यात गोतिएसारखे कवी जेवायला येत, गोंकूर बंधू येत. जेवून घरी गेल्यावर हेच गोंकूर बंधू आपल्या रोजनिशीत यजमानीणबाईची यथेच्छ नालस्ती करत. तिच्या पंगतीला लेखक होते, मंत्री होते, पण घरंदाज बाई एकही नव्हती. गणिका असण्याच्या कलंकावर ज्यू असण्याचा कलंक चढलेला होता. युद्धानंतर नवऱ्याच्या राष्ट्रीयत्वामुळे तिच्यावर हेरगिरीचे आरोप झाले आणि तिने फ्रान्स सोडला. अन्न तिच्या घरचे खायचे आणि तिला मात्र पंक्तीबाहेर ठेवायचे, हा सोवळेपणा फक्त भारतातच होता, असे कुणी समजू नये.

आता आपण पुन्हा १८२४ च्या त्या दोन मुलींकडे येऊ.

मारी द्युप्लेसी मेल्यावर काही आठवड्यांतच तिच्या घरातील वस्तूंचा लिलाव झाला. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स त्या वेळी पॅरिसमध्ये होता आणि त्याने या लिलावाला लोटलेल्या गर्दीचे वर्णन पत्रात केले आहे. जिवंतपणी जिच्याकडे पाहणे पाप होते, तिच्या वस्तू पाहायला कुलीन बायकाही आल्या. एकेकाळी तिचा प्रियकर असलेल्या धाकट्या द्यूमाने पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, तिच्यावर कादंबरी लिहिली. १८५२ मध्ये त्याचे नाटक झाले. ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसमध्ये व्हर्दीची ‘ला त्राव्हियाता’ ही ऑपेरा याच कथेवर आली. पुढे चित्रपट निघाले. १९३६ मध्ये ग्रेटा गार्बोने ती भूमिका केली.

या साऱ्या कथेत काय होते? नायिका प्रियकराच्या बापाच्या विनंतीवरून प्रेमाचा त्याग करते, त्याच्या घराण्याची अब्रू वाचवते आणि खोकत खोकत मरते. प्रेक्षक रडतात. घराणे सुरक्षित राहते, इस्टेट सुरक्षित राहते, व्यवस्थेला ओरखडाही उठत नाही. पतित बाई चांगली, पण मेल्यावर, हा या अश्रूंचा अर्थ आहे. व्हर्दीला ही ऑपेरा चालू काळाच्या पोशाखात हवी होती. पण व्हेनिसमध्ये ती सुमारे दीडशे वर्षे मागच्या काळात नेऊन सादर करावी लागली. सभ्य समाजाला रडायचे होते, पण आरशात पाहायचे नव्हते. खेड्यातली आल्फोन्सीन, तिचा मारकुटा बाप, छत्र्यांचा कारखाना, यातले काहीही त्या रंगमंचावर नव्हते.

सेलेस्त व्हेनार मात्र मेली नाही. हीच तिची चूक.

नोंदवहीत अडकलेली ही मुलगी माबिय येथील सार्वजनिक नृत्यबागेत नाचू लागली. १८४४ मध्ये फ्रेंच आरमाराने मोरोक्कोतील मोगादोर या शहरावर तोफा डागल्या. त्याच सुमारास एका नर्तकाने तिला ‘मोगादोर’ हे नाव चिकटवले. तिकडे एका शहरावर तोफा आणि इथे एका बाईला त्याच शहराचे नाव, असा तो विनोद. ती पुढे हिप्पोड्रोममध्ये घोड्यावरच्या कसरती करू लागली. दरम्यान पोलिसांच्या नोंदवहीतून नाव उतरवण्यासाठी तिची धडपड चालू होती. मोठेपणी ती लिहायला शिकली. कर्जाच्या आणि मालमत्तेच्या कज्ज्यांत वकिलाला हकीगत सांगता सांगता तिने स्वतःचे आयुष्यच लिहून काढले.

१८५४ मध्ये तिच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या आणि पॅरिस हादरले. हादरण्याचे कारण अश्लीलता नव्हती. घरात घुसलेला तो पुरुष, सां-लाझारचा तुरुंग, तिथल्या पोरी, तपासणी, कार्ड, नोंदवही हे सारे आतून लिहिलेले होते. ज्यांच्याबद्दल आजवर डॉक्टर, पोलीस आणि कादंबरीकार लिहीत आले होते, त्यातलीच एक आता स्वतः लिहीत होती. पुस्तकावर जप्ती आली. पुढे काही वर्षांनी ते पुन्हा निघाले. एका बाजूला द्यूमाच्या नाटकाला टाळ्या आणि दुसऱ्या बाजूला सेलेस्तच्या पुस्तकाला जप्ती. विषय एकच, काळ एकच. फरक एवढाच की, एकात बाई विषय होती आणि दुसऱ्यात लेखणी तिच्या हातात होती.

त्याच वर्षी जानेवारीत तिने लायोनेल द शाब्रियां या उमरावाशी लंडनमध्ये लग्न केले होते. तो फ्रान्सचा वाणिज्यदूत म्हणून ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेला, ती सोबत गेली. पण तिच्या आधी तिचे पुस्तक तिथे पोचले होते. मेलबर्नच्या प्रतिष्ठितांनी तिच्यासाठी दारे बंद केली. तिने तो वेळ वाचनात आणि लेखनात घालवला. सोन्याच्या खाणींवरची तिची कादंबरी १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. १८५८ मध्ये नवरा वारला. त्याच्या घराण्याने तिच्यापासून ते नाव सोडवून घेण्याचा प्रयत्न केला, तिने सोडले नाही. कादंबऱ्या लिहिल्या, नाटके लिहिली, नाटकगृह चालवले. १८७० च्या युद्धात जखमींच्या सेवेसाठी बायकांचे पथक उभे केले. १९०९ मध्ये ती वारली. पोलिसांनी दिलेला शिक्का, नर्तकाने दिलेले टोपणनाव आणि उमराव नवऱ्याचे आडनाव या तिन्हींच्या पलीकडे तिने स्वतःच्या लेखणीने एक नाव कमावले. तरीही जगाला ‘कॅमेलियाची नायिका’ ठाऊक आहे आणि सेलेस्त ठाऊक नाही. आत्मकथनांच्या चळवळीतून वाढलेल्या आपल्या वाचकाला याचे कारण सांगायला नको.

पॅरिसची ही नोंदवही पॅरिसमध्येच राहिली असती, तर हा विषय आपल्यासाठी परदेशी इतिहास ठरला असता. पण इंग्लंडने तीच पद्धत उचलली. १८६४ पासून तिथे सांसर्गिक रोगांचे कायदे आले आणि १८६८ मध्ये हिंदुस्थानसाठी तसाच कायदा झाला. गोऱ्या सोल्जरांच्या छावण्यांभोवती आणि मुंबईसारख्या शहरांत बायकांची नोंदणी, सक्तीची तपासणी, कोंडून ठेवणारी इस्पितळे सुरू झाली. सोल्जर निरोगी राहावा म्हणून बाईला कोंडायचे. जोसेफिन बटलर या इंग्रज बाईने याविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. इंग्लंडमधले कायदे १८८६ मध्ये रद्द झाले, हिंदुस्थानातला १८८८ मध्ये. फ्रान्सने आपली कुंटणखान्यांची व्यवस्था १९४६ मध्ये मोडली, पण नोंदणीचा शेवटचा अवशेष जायला १९६० उजाडले.

आपल्याकडे या नोंदवहीच्याही आधी आणखी एक नोंदवही होती. ती देवाच्या नावाची होती. मुरळी, जोगतीण, देवदासी म्हणून मुलगी सोडायची आणि ती सोडायची कोणत्या वस्तीतून, हे जातीने ठरलेले असायचे. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये याच बायकांसमोर बाबासाहेब बोलले. वाघ्या-मुरळी, देवदासी, जोगतिणी, आराधी अशांची ती सभा होती. हा धंदा सोडा आणि स्वाभिमानाने संसार करा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. उपजीविकेचा प्रश्न येणार हे ओळखूनही त्यांनी आग्रह सोडला नाही. भाषेच्या कठोरपणाबद्दल काही अभ्यासकांनी त्या भाषणाची चिकित्सा केली आहे, ती जरूर वाचावी. पण एक गोष्ट विसरू नये. पॅरिसच्या नोंदवहीने बाईला क्रमांक दिला, कादंबरीने तिला अश्रू दिले. बाबासाहेबांनी तिला सभेला बोलावले आणि निर्णय घेऊ शकणारी माणूस म्हणून तिच्याशी बोलले. धर्मांतराची घोषणा होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. नव्या जीवनाच्या तयारीत तिलाही धरले होते.

तेव्हा तिने काय करावे, हे तिला सांगून झाले आहे. आता प्रश्न आपल्याला आहे. पडद्यावरची नर्तकी पाहून शिट्ट्या मारणारे आपल्यातही आहेत आणि वस्तीत परत आलेल्या बाईला नळावर टोमणे मारणारेही आपल्यातच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी सांगितले की, या व्यवसायातील बाईलाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे आणि केवळ व्यवसायाच्या कारणाने तिचे मूल तिच्यापासून तोडता येणार नाही. न्यायालय पोलिसांना बजावू शकते. वस्तीच्या मनातली नोंदवही न्यायालयाला फाडता येत नाही.

ती आपल्यालाच फाडावी लागेल. तिच्या मुलाला शाळेत बापाचे नाव विचारून खाली मान घालायला लावू नये. तिच्या मुलीच्या लग्नात कुळाची चौकशी करू नये. विहाराच्या कार्यक्रमात तिला मागच्या रांगेत बसवू नये. आणि ती बोलायला उभी राहिली, तर तिच्या वतीने दुसऱ्याने रडू नये. तिला बोलू द्यावे. सेलेस्तला पॅरिसने हे कधी दिले नाही. आपण देऊ शकतो.